नेरळला उतरा, पण लगेच वर पळू नका!

कर्जत लोकल नेरळला थांबली की डब्यात एकच धांदल उडते. सॅका पाठीवर चढतात, टोप्या डोक्यावर जातात, कुणाची तरी पाण्याची बाटली सीटखाली घरंगळते. प्लॅटफॉर्मवर पाय पडताच सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळतात. वर! कारण वर माथेरान आहे. मग टॅक्सी कुठे मिळते, मिनीट्रेनची रांग केवढी आहे, याची चौकशी करत मंडळी पळत सुटतात आणि थोड्याच वेळात प्लॅटफॉर्म मोकळा.

बिच्चारं नेरळ! कितीतरी मुलांना ते नुसती गाडी बदलायची जागा वाटतं. आज आपण जरा उलटं करूया. माथेरान राहू दे तिथेच, ते काही कुठे जात नाही. (खरं म्हणजे जातंय, पण फार हळू. ते पुढे सांगते.) आपण नेरळलाच थांबूया आणि आजूबाजूला बघूया. या गावाची गंमत अशी, की इथली जवळजवळ प्रत्येक गोष्ट एकतर खालून वर निघालेली असते, नाहीतर वरून खाली आलेली असते. दगड, गाडी, पाणी, वीज, सगळं! एक भाजी तर जमीन फोडून वर येते.

आधी पत्ता नीट लिहून घ्या. नेरळ, तालुका कर्जत, जिल्हा रायगड. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून रेल्वेने साधारण ८६ किलोमीटर. समुद्रसपाटीपासूनची उंची जेमतेम ४० मीटर. पश्चिमेला माथेरानचा डोंगर अगदी अंगावर आल्यासारखा उभा. पूर्वेला भातशेती, तिच्यापलीकडे उल्हास नदी, आणि नदीच्याही पलीकडे आकाशाच्या कडेला निळसर दिसणारी लांबच लांब भिंत. ती सह्याद्रीची मुख्य रांग. तिच्यावर भीमाशंकर आहे.

नेरळचा कारभार कोण बघतं, माहीत आहे? इथे केवढी मोठी बाजारपेठ, इमारतींची गर्दी, रिक्षांचा कलकलाट, पण कारभार ग्रामपंचायतीचा. आणि वर माथेरानला? २०११ च्या जनगणनेत तिथे साडेचार हजारही माणसं नव्हती, तरी तिथे नगरपरिषद! इंग्रजांनी थंड हवेचं ठिकाण वसवलं आणि त्याच्या व्यवस्थेसाठी नगरपालिका आणली, ती तशीच चालू राहिली. मोठ्याला ग्रामपंचायत, धाकट्याला नगरपरिषद. फ्रान्समध्ये हा घोळच नाही. तिथे शहर असो नाहीतर शंभर माणसांचं खेडं, दोघांनाही ‘कम्यून’च म्हणतात आणि दोघांनाही आपापला महापौर असतो. असे सुमारे ३५ हजार कम्यून त्या देशात आहेत. शंभर माणसांचा महापौर! मला तर हे फारच आवडलं.

असो. आता मान वर करा आणि डोंगर बघा. नुसता ‘काय भारी दिसतो’ म्हणून सोडून देऊ नका, नीट बघा. डोंगराला आडवे पट्टे दिसतात का? एक उभा काळा कडा, मग झाडीचा उतार, मग परत एक कडा, परत उतार.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉरांचा शेवट जवळ आला होता त्या सुमाराला, इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा बाहेर आला. चित्रातल्यासारखा टोकदार ज्वालामुखी डोळ्यांपुढे आणू नका. लाव्हा भेगांतून उसळायचा, दूरदूर पसरायचा आणि थिजायचा. मग कधी शंभर, कधी हजारो वर्षं शांतता. मग त्याच्यावर दुसरा थर. आजी ताटात एकावर एक घावनं रचते ना, तशी ही थरांची चळत वाढत गेली. थरांमधल्या शांततेच्या काळात वरच्या दगडाची माती व्हायची. पुढचा तापलेला लाव्हा तिच्यावर आला की ती भाजून विटकरी व्हायची. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापतात तिथे काळ्या दगडाच्या मधोमध असा लाल पट्टा कुठे कुठे दिसतो. ती भाजलेली माती!

हा काळा दगड म्हणजे बेसाल्ट, आपला काळा पाषाण. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट आणि कडक असतो. वरच्या भागात मात्र लाव्हातून निसटलेल्या वायूंनी पाडलेली भोकं असतात, म्हणून तो ठिसूळ. पाऊस ठिसूळ भाग आधी झिजवतो आणि त्याचा उतार होतो. कडक भाग तग धरतो आणि त्याचा कडा होतो. पट्ट्यांचं कोडं सुटलं!

पण खरी गंमत पुढेच आहे. माथेरानचे थर आणि समोर पूर्वेला दिसणाऱ्या सह्याद्रीचे थर एकाच कुळातले आहेत. म्हणजे एके काळी हे सगळं सलग होतं. मधली दरी नंतर झाली. पावसाने, ओढ्यांनी आणि उल्हास नदीने लाखो वर्षं कुरतडून कुरतडून केली. म्हणजे तुम्ही नेरळच्या प्लॅटफॉर्मवर उभे आहात ना, तिथे तुमच्या डोक्यावर, जिथे आता विजेच्या तारा आणि कावळे आहेत, तिथे एके काळी शेकडो मीटर उंच भरीव दगड होता. तो गेला वाहून. माथेरान, शेजारचा पेब, प्रबळगड, इर्शाळगड, तिकडे बदलापूरच्या बाजूचा चंदेरी, हे सगळे त्या झिजेतून उरलेले तुकडे. माथेरानच्या माथ्यावर मात्र काळा नाही, तांबडा दगड आहे. तो जांभा. उष्ण आणि दमट हवेत काळा पाषाण कुजत कुजत गेला, त्यातली बरीच द्रव्यं पावसाने धुऊन नेली आणि लोह मागे राहिलं. लोह गंजलं की लाल होतं. माथेरानहून परत आल्यावर बूट लाल का होतात, हे आता आईला सांगता येईल. बूट मात्र तुम्हालाच पुसावे लागतील.

ही झीज अजून चालूच आहे. म्हणून मी म्हटलं, माथेरान हळूहळू जातंय. आणि कधीकधी डोंगर हळू जात नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या उतारावरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर समाजाची ती वाडी झोपेतच मातीखाली गेली आणि कितीतरी माणसं दगावली. दिवसचे दिवस मुसळधार पाऊस पडला की दगडावरची माती पाणी पिऊन जड होते, तिच्या कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि अख्खा उतार निसटतो. पावसाळ्यात डोंगराखालच्या वाड्यांना सावध राहायला सांगतात, हलवतात, ते याचसाठी.

आता गाडीकडे वळूया. तुम्ही वाटच बघत होता ना!

पुस्तकांत एक वाक्य हमखास असतं : ‘१८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरानचा शोध लावला.’ मला या वाक्याचं नेहमी हसू येतं. मॅलेटसाहेब १८५० च्या मे महिन्यात चौक गावाच्या बाजूने डोंगर चढले, हे खरं. पण ठाकर, कातकरी आणि धनगर मंडळी त्याच डोंगरात पिढ्यान् पिढ्या राहत होती, गुरं चारत होती, मध काढत होती. त्यांना तो कधी हरवलेलाच नव्हता! साहेबांना डोंगर आवडला, मग मुंबईच्या गव्हर्नरलाही आवडला, आणि उन्हाळा आला की गोरे साहेब आणि मुंबईचे श्रीमंत लोक वर जायला लागले. १८५६ साली रेल्वे या भागातून पुढे खोपोलीपर्यंत पोचली, त्यामुळे नेरळपर्यंत आगगाडीने येता यायचं. पुढे? पायी, घोड्यावर नाहीतर पालखीत. पालखीत बसणाऱ्याला मजा, उचलणाऱ्याचा मात्र घामटा.

मुंबईत सर आदमजी पीरभॉय नावाचे मोठे व्यापारी होते. त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन याने ठरवलं, की या डोंगरावर रेल्वे न्यायची. १९०४ साली काम सुरू झालं आणि १९०७ च्या मार्च महिन्यात पहिली गाडी सुटली. खर्च १६ लाख रुपये, आणि तोही पीरभॉय कुटुंबाचा.

आता वही-पेन्सिल घ्या, छोटंसं गणित करूया. नेरळची उंची ४० मीटर. माथेरान स्टेशनची साधारण ७६० मीटर. म्हणजे गाडीला चढायचंय ७२० मीटर. या मार्गावरचा सर्वांत तीव्र चढ १ ला २० आहे, म्हणजे २० मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. मग ७२० मीटर चढायला कमीत कमी किती लांबीचा रूळ लागेल? ७२० गुणिले २०. उत्तर येतं १४,४०० मीटर, म्हणजे जवळजवळ साडेचौदा किलोमीटर. शिवाय स्टेशनात रूळ सपाट हवा, आणि सगळीकडेच काही सर्वांत तीव्र चढ देता येत नाही. म्हणून प्रत्यक्षातला मार्ग भरतो सुमारे २० किलोमीटर! माथेरान समोर दिसतंय, पण गाडी सरळ जात नाही. ती डोंगराच्या कुशीत शिरते, बाहेर येते, परत शिरते, वळते, मागे फिरल्यासारखी करते, आणि मगाशी डाव्या खिडकीत दिसलेलं गाव आता उजव्या खिडकीत आलेलं असतं. हा सगळा खटाटोप १ ला २० हा आकडा सांभाळण्यासाठी.

१ ला २० म्हणजे काय विशेष, असं वाटतंय? मग पलीकडच्या मोठ्या रुळांकडे बघा. तीच लाइन पुढे कर्जतहून बोरघाट चढते आणि लोणावळ्याला जाते. तिथला चढ १ ला ३७. तेवढ्यासाठीसुद्धा कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं जोडतात. आपली चिमुकली गाडी त्याच्या जवळजवळ दुप्पट चढ चढते!

आता वळणांचा प्रश्न. नेरळ स्टेशनात दोन प्रकारचे रूळ आहेत. मोठ्या गाडीच्या दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर, माथेरानच्या गाडीचं फक्त ६१०. तुमच्या कंपासातली १५ सेंटिमीटरची पट्टी चार वेळा ठेवली की संपलं. (पट्टी घरच्या फरशीवर ठेवून बघा. रुळांत उतरायचं नाही, अजिबात नाही.) रूळ इतके जवळ का? कारण डोंगरात वळणं फार आवळ घ्यावी लागतात. मोठ्या गाडीला साधारण १७५ मीटर त्रिज्येपेक्षा आवळ वळण चालत नाही. माथेरानच्या मार्गावर १८ मीटर त्रिज्येची वळणं आहेत! वळणावर बाहेरचा रूळ आतल्या रुळापेक्षा लांब असतो, पण दोन्ही चाकं तर एकाच आसाला पक्की बसवलेली. एकाने जास्त पळायचं आणि दुसऱ्याने कमी, हे त्यांना जमत नाही, मग ती घासतात आणि किंचाळतात. रूळ जवळजवळ ठेवले की लांबीतला फरक कमी होतो आणि भांडण मिटतं.

तरीसुद्धा एवढ्या आवळ वळणावर लांबुडकं वाफेचं इंजिन अडकणारच. त्यावर जर्मनीत एक झकास युक्ती निघाली होती. पीरभॉयांनी तिथल्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची चार इंजिनं मागवली. त्यांच्या पुढच्या आणि मागच्या चाकांचा आस पोकळ नळीचा होता, आणि त्या नळीच्या आत दुसरा भरीव आस. दोघांमध्ये गोल सांधा. आतला आस सरळच फिरायचा, पण बाहेरची नळी चाकांसकट थोडी तिरकी होऊ शकायची, बाजूलाही सरकायची. वळण आलं की चाकं आपणहून वळणाकडे तोंड करायची. ही इंजिनं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत राबली. त्यातलं एक नेरळ स्टेशनाजवळ शोभेला ठेवलंय. लोक त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढतात आणि निघून जातात. तुम्ही जरा वाकून चाकांकडे बघा.

एक मधलीच गोष्ट सांगू? या रेल्वेचे सल्लागार इंजिनीअर होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. आपल्या सोलापूर जिल्ह्यातली बार्शी लाइट रेल्वे त्यांचीच. त्याच कॅलथ्रॉप यांनी पुढे विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी पॅराशूट बनवलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘गार्डियन एंजल’, म्हणजे पाठराखा देवदूत. आधी लोकांना वर न्यायची सोय केली, मग खाली यायची. नेरळशी यांचं नातं शोभतं की नाही?

ही ‘माथेरानची राणी’ तशी नाजूक आहे. जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज ही तिची मधली स्टेशनं. वाटेत बोगदा एकच आणि तोही एवढासा, शिरलो म्हणेपर्यंत बाहेर. पूर्वी डब्यांवर ब्रेकवाले असायचे आणि उतारावर ते हाताने ब्रेक आवळायचे. पावसाने तर तिला कितीदा छळलं! जुलै २००५ च्या अतिवृष्टीत रूळ वाहून गेले, ते नीट होऊन गाडी परत सुरू झाली २००७ साली, म्हणजे बरोबर शंभराव्या वर्षी. २०१९ च्या पावसाने परत तेच केलं, आणि नेरळहून सुटणारी गाडी ऑक्टोबर २०२२ पर्यंत बंद राहिली.

आता पाण्याची गोष्ट. माझ्या मते नेरळची सर्वांत मोठी नवलाई हीच, आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं.

एप्रिल-मेमध्ये कोकणातल्या बहुतेक छोट्या नद्यांत गोटे दिसतात. पण नेरळच्या पूर्वेची उल्हास नदी भर उन्हाळ्यातही वाहते. हे पाणी येतं कुठून? उन्हाळ्यात पाऊस तर नसतो.

ते येतं सह्याद्रीच्या पलीकडून! घाटमाथ्यावर मावळात आंद्रा नावाची नदी आहे. ती पूर्वेला वाहत इंद्रायणीला मिळते. इंद्रायणी देहू-आळंदीवरून पुढे भीमेला मिळते. भीमा पंढरपूरला जाते, तिथे तिला चंद्रभागा म्हणतात. मग भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. म्हणजे आंद्रेत पडलेला पावसाचा थेंब मनातल्या मनात विठ्ठल विठ्ठल करत पंढरीच्या वाटेला लागलेला असतो.

पण शंभरेक वर्षांपूर्वी टाटांच्या इंजिनीअरांनी विचार केला, की हे पाणी घाटमाथ्यावर आहे आणि शेजारीच पाचशे मीटरचा कडा! ते पूर्वेला न सोडता पश्चिमेला खाली सोडलं तर? त्यांनी आंद्रेवर ठोकळवाडीला धरण बांधलं, डोंगरातून बोगदा काढला आणि कड्यावरून जाडजूड पाइप खाली उतरवले. खाली भिवपुरीला १९२२ साली वीजघर सुरू झालं. (खोपोलीचं वीजघर त्याच्याही आधीचं, १९१५ चं. तिथे लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचं पाणी उतरतं आणि पुढे पाताळगंगेत जातं.)

परत वही काढा. एक लिटर पाणी, म्हणजे एक किलो वजन, पाचशे मीटर खाली पडलं की सुमारे ४९०० ज्यूल ऊर्जा देतं. घरातला ९ वॉटचा एलईडी दिवा सेकंदाला ९ ज्यूल खातो. भागा बरं. साधारण ५४४ सेकंद, म्हणजे नऊ मिनिटं! थोडी ऊर्जा वाटेत वाया जाते, ती आपण धरली नाही. तरी बघा, एक बाटली पाणी आणि नऊ मिनिटं उजेड. वीजघरात तर अशा बाटल्यांचा लोंढाच्या लोंढा येतो.

आणि वीज दिल्यावर पाणी संपत नाही हं! ते जसंच्या तसं बाहेर पडतं आणि उल्हासला मिळतं. त्याच पाण्यावर राजनाला कालवा भरतो आणि कर्जत तालुक्यात भाताचं दुसरं पीक निघतं, उन्हाळी भाताचं. मे महिन्यात इथली शेतं हिरवी दिसली तर चकित होऊ नका. पुढे बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण, ही सगळी शहरं उल्हासचं पाणी पितात, आणि उरलेलं वसईच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळतं. बंगालच्या उपसागराला निघालेलं पाणी अरबी समुद्रात! एवढं पाणी पलीकडच्या खोऱ्यातून इकडे यावं की नाही, यावर मोठी माणसं अजून वाद घालतात. भीमेच्या खोऱ्यातही दुष्काळ पडतोच ना. तुम्हाला काय वाटतं?

इथली वीज मुंबईला जायची, ती शेतांतून उभ्या केलेल्या लोखंडी मनोऱ्यांवरून. त्या मनोऱ्यांचीही एक गोष्ट आहे.

१ डिसेंबर १९१२ ला माथेरानमध्ये एका नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म झाला. मुलगा हुशार, शिकून वकील झाला. पण वकिलीत पैसे मिळवत बसण्यापेक्षा तो डोंगराखालच्या शेतकऱ्यांत आणि आदिवासींत रमला. तेव्हा पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की सावकाराकडून उसनं घ्यावं लागायचं आणि परत करताना कितीतरी जास्त मोजून द्यावं लागायचं. कोतवालांनी गावकऱ्यांची स्वतःची धान्यकोठी काढली, मुलांसाठी शाळा काढल्या. सगळे त्यांना भाई म्हणू लागले.

१९४२ साली ‘चले जाव’ची हाक आली. भाईंनी ‘आझाद दस्ता’ उभा केला. त्यांचा बेत अगदी नेमका होता. मुंबईचे कारखाने इंग्रजांच्या युद्धासाठी माल बनवत होते, ते विजेवर चालत होते आणि वीज या रानातल्या मनोऱ्यांवरून जात होती. मग मनोराच पाडला तर? रात्रीच्या अंधारात करवती घेऊन ही मंडळी मनोऱ्यांचे पाय कापायची आणि मनोरे कोसळायचे. सरकारने भाईंना पकडायला मोठं बक्षीस लावलं. शेवटी दस्ता सिद्धगडाच्या जंगलात असताना कुणीतरी बातमी फोडली. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांनी वेढा घातला आणि गोळीबारात भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील हुतात्मा झाले. भाई तेव्हा फक्त तीस वर्षांचे होते. सिद्धगडावर त्यांचं स्मारक आहे आणि दर २ जानेवारीला लोक अजूनही तिथे जमतात.

आता एक खाऊची गोष्ट, कारण एव्हाना भूक लागली असेल.

पहिला वळीव पडला, की आठ-दहा दिवसांत नेरळच्या बाजारात डोंगरावरून उतरलेल्या ठाकर आणि कातकरी बायका टोपल्या घेऊन बसलेल्या दिसतात. टोपलीत जांभळट-तपकिरी, लांबट, गुंडाळी केलेले कोंब. ती शेवळं! जमिनीखाली सुरणासारखा कंद वर्षभर गुपचूप झोपलेला असतो. पावसाचा पहिला ओलावा पोचला की आधी फुलाचा दांडा वर येतो. पानं नंतर. तो पूर्ण उमलला की सडक्यासारखा वास मारतो. आपण नाक मुरडतो, पण किडे भुलतात आणि परागकण इकडचे तिकडे नेतात. झाडाला तेवढंच हवं असतं. शेवळं मात्र नुसती शिजवून खाल्लीत तर घसा असा खवखवेल की विचारू नका. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात आणि ते जिभेला, घशाला टोचतात. खाणाऱ्या प्राण्यांपासून स्वतःला वाचवायची ही झाडाची युक्ती. पण माणूस काय कमी? टोपलीवाल्या मावशी शेवळांबरोबर मूठभर हिरवी, आवळ्याएवढी आंबट फळं देतात. ती काकडं. त्यांच्या आंबट रसात शेवळं शिजवली की खाज मोडते. प्रयोगशाळा नाही, सूक्ष्मदर्शक नाही, पण रानातल्या कुणा हुशार बाईने हे कधी तरी शोधून काढलं. मॅलेटसाहेबांचं नाव पुस्तकात आहे, हिचं नाही.

सांगण्यासारखं आणखी पुष्कळ आहे. कर्जतजवळ राजमाचीच्या पायथ्याला कोंडाण्याची लेणी आहेत, दोन हजार वर्षांहून जुनी. तिथल्या कारागिरांनी दगडात लाकडी घराची नक्कल कोरली आहे, तुळयांसकट. पेठच्या कोथळीगडाच्या सुळक्यात आतून कोरून काढलेला जिना आहे. पण ती मोहीम वेगळी, आणि तिला पाय चांगले लागतात.

तर पुढच्या वेळी नेरळला उतरलात की आधी पूर्वेकडच्या प्लॅटफॉर्मवरून सह्याद्रीची भिंत बघा, मग पश्चिमेकडे डोंगराचे पट्टे मोजा, मग जुन्या इंजिनाच्या चाकांकडे वाका. टोपलीवाल्या मावशी दिसल्या तर शेवळं कशी करायची ते त्यांनाच विचारा, त्या हौसेने सांगतात. आणि मिनीट्रेननेच जायचं असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. पावसाळ्यात नेरळहून गाडी सुटत नाही, तेव्हा फक्त अमन लॉज ते माथेरान एवढीच चालते. आणि बाकीच्या दिवसांतही डबे थोडे, माणसं फार, म्हणून सकाळची लवकरची लोकल पकडा.